संगणक कंपनीतील नोकरी : गोड आणि कडू
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. मधुमेहींचा आहार झाला, मृत्युपत्र झाले, गच्चीवरची बागही झाली. संगणक कंपनीतल्या नोकरीवर मात्र अजून कोणी बोलले नव्हते. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तू चोवीस वर्षे त्या कंपन्यांत काढलीस. तिथे काम करणाऱ्यांना काय आवडते आणि काय आवडत नाही, एवढेच आम्हाला सांग. पण खरे सांग. जाहिरात नको आणि रडगाणेही नको." भाषण करण्याची मला सवय नाही. तेव्हा काही चुकले-माकले तर आपण सांभाळून घ्याल, या भरवशावर उभी आहे.

या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणींच्या घरचे कोणी ना कोणी रोज हिंजवडीला, खराडीला किंवा मगरपट्ट्याला जाते. सकाळी बस पकडून गेलेली मुलगी किंवा सून तिथे नेमके काय करते आणि रात्री परत येते तेव्हा इतकी गप्प का असते, हे घरात कोणालाच धड ठाऊक नसते. आम्हीही सांगत नाही. कोणी विचारले तर "काही नाही, काम जास्त होते," एवढे म्हणून हातपाय धुवायला जातो. म्हणून या भाषणासाठी मी माझ्या ओळखीच्या दहा-बारा जुन्या सहकाऱ्यांना दोनच प्रश्न विचारले : काय आवडते, काय आवडत नाही? त्यांची उत्तरे आणि माझा अनुभव, असे मिळून हे बोलणे आहे.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे हा धंदा परदेशातून आयता आलेला नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांनी ती नावारूपाला आणली. इन्फोसिसचा जन्म तर १९८१ साली आपल्या पुण्यातच झाला. सात अभियंते एकत्र आले आणि सुधा मूर्तींनी साठवलेल्या पैशांतून दिलेले दहा हजार रुपये हे भांडवल. पुढे १९८३ साली ती कंपनी बंगलोरला गेली. याच सुधाबाईंनी १९७४ साली टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे वाचले आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना ती नोकरी मिळाली. तेव्हा बाईने यंत्राजवळ जावे की नाही, हा प्रश्न होता. आज या संगणकाच्या धंद्यात आपल्या देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे आहेत आणि त्यांत साधारण एक तृतीयांश स्त्रिया आहेत. हा फरक एका पिढीत पडला आहे.

आता काम काय असते ते सांगते. पुष्कळांना वाटते की आम्ही संगणक बनवतो किंवा दुरुस्त करतो. तसे नाही. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, याच्या सूचना आम्ही लिहितो. मी १९९८ साली लागले तेव्हा सगळीकडे सन २००० ची धास्ती होती. जुन्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. त्यामुळे २००० साल आले की यंत्र ते १९०० समजेल आणि बँकांचे व्याज, विम्याचे हप्ते, सगळ्याचा घोटाळा होईल. एका परदेशी बँकेच्या हजारो ओळींतून तारखेची एकेक जागा शोधून दुरुस्त करायची, हे माझे पहिले काम. तांदूळ निवडण्यासारखे चिकाटीचे काम होते. तांदळात एखादा खडा राहिला तर दाताखाली येतो. इथे राहिला असता तर कोणाचे तरी पेन्शन अडकले असते.

आता आवडण्याच्या गोष्टी. सर्वांनी पहिल्यांदा सांगितला तो पगार. स्वतःच्या नावाच्या खात्यात दर महिन्याला जमा होणारा पगार. लातूरकडच्या एका लहान गावातून आलेली माझी मैत्रीण म्हणाली, "पहिल्या पगारातून मी वडिलांचे सोसायटीचे कर्ज फेडायला पैसे पाठवले. त्या दिवसापासून घरात माझ्या लग्नाबद्दल बोलताना मला विचारायला लागले." पैशांपेक्षा हे विचारणे तिला मोठे वाटले.

दुसरी गोष्ट, तिथे एकमेकांना नावाने हाक मारतात. साहेब नाही, बाईसाहेब नाही. माझ्या पहिल्या वरिष्ठांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ आठवडाभर रेटत नव्हती. तू कोणाची, कुठल्या गावची, हे कामाच्या वेळी सहसा कोणी काढत नाही. भेदभाव मुळीच नसतो, असे मी म्हणणार नाही. ओळखीपाळखी आणि वशिले तिथेही आहेत. पण लिहिलेली सूचना बरोबर चालली की चालली, तिथे कोणाला आडनाव लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कामाचा आनंद, आणि तो बाहेरच्यांना दिसत नाही. आपल्यापैकी ज्या विणतात त्यांना हे लगेच कळेल. स्वेटर पूर्ण होत आला आणि कुठेतरी नक्षी बिघडलेली दिसली. मग एकेक ओळ मागे जात जात वीस ओळींपूर्वी सुटलेला टाका सापडतो, तेव्हा जे वाटते ना, तेच आम्हाला चूक सापडल्यावर वाटते. चार दिवस शोधलेली चूक आंघोळ करताना अचानक लक्षात यावी आणि ओल्या केसांनी धावत येऊन ती कागदावर टिपून ठेवावी, असे माझे कितीदा झाले आहे.

बाकी सोयीही आहेत. स्वच्छ प्रसाधनगृह, उपाहारगृह, जाण्यायेण्याची बस, आणि पुष्कळ ठिकाणी आईवडिलांचा किंवा सासूसासऱ्यांचा आरोग्यविमा. प्रसाधनगृहाचे नाव घेतले म्हणून हसू नका. ज्या बाईने बाजारपेठेतल्या दुकानात दिवसभर उभे राहून नोकरी केली आहे, तिला विचारा. या सोयी आपोआप मात्र झालेल्या नाहीत. रात्रीच्या गाडीची काळजी कंपन्या आज घेतात, त्यामागे २००७ आणि २००९ साली याच पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलींच्या झालेल्या हत्या आहेत. पुढे २०१७ साली महाराष्ट्राच्या कायद्यात असे आले की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि तिच्या संरक्षणाची व घरी पोचवण्याची व्यवस्थाही हवी.

आता कडू भाग. तिथे एकच शब्द सर्वांच्या तोंडी होता : वेळ.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि थंडीत साडेसात वाजलेले असतात. तिकडची माणसे कामाला बसतात आणि बोलायला बोलावतात. आपल्याकडे तीच दिवेलागणीची, मुलांच्या अभ्यासाची आणि कुकर लावण्याची वेळ. त्यामुळे दिवसाचे काम संपते आणि खरे काम सुरू होते. कोथरूडहून हिंजवडीला जाण्यायेण्यात दोन-अडीच तास सहज जातात, ते निराळेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायची तयारी ठेवावी. त्यावर देशभर वाद झाला. सहा दिवसांचा आठवडा धरला तरी ते रोजचे साडेअकरा तासांहून अधिक होते. माझी एक सहकारी म्हणाली, "७० तास मी कधीच भरले आहेत. फक्त त्यातले ३० तास कोणाच्या वहीत लिहिलेले नाहीत, कारण ते स्वयंपाकघरातले आहेत."

दुसरे दुखणे वार्षिक मूल्यमापनाचे, ज्याला तिथे अप्रेझल म्हणतात. पुष्कळ ठिकाणी असा नियम असे की दहा जणांच्या गटात सगळे उत्तम असले तरी कोणाला तरी खालच्या पायरीवर बसवायचेच. शाळेत सर्व मुले पास झाली तरी एकाला नापास करायचे, तसे हे. माझी मुलगी २००४ साली झाली. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. ती २६ आठवड्यांची झाली २०१७ साली. मी रजेवरून परत आले आणि त्या वर्षीची खालची पायरी माझ्या वाट्याला आली. वरिष्ठांनी समजावले, "तू तीन महिने नव्हतीस ना! मग ज्याने काम केले त्याच्यावर अन्याय का करायचा?" मला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी बसमध्ये मी पदर तोंडाला लावून रडले. कंपनीचे नाव मी सांगणार नाही. तसे अनेक ठिकाणी होत होते.

तिसरे दुखणे अडकून पडण्याचे. नोकरी सोडायची तर बऱ्याच कंपन्यांत तीन महिने आधी कळवावे लागते, आणि नवी कंपनी तीन महिने थांबायला तयार नसते. काम संपून दुसरे मिळेपर्यंत माणसाला नुसते बसवून ठेवतात. त्याला बाकावर असणे म्हणतात. ऐकायला आरामाचे वाटते, पण बाकावरचा माणूस रोज सकाळी छातीत धडधड घेऊन जातो. शिवाय मोठ्या कंपन्यांत नव्या मुलांचा वर्षाचा पगार दहा वर्षांहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच राहिला आहे. या काळात पुण्यातले खोलीभाडे किती वाढले, ते आपण सर्वजणी जाणतो.

आणि शेवटचे दुखणे भीतीचे. पूर्वी ही नोकरी लागली की आईबाप निर्धास्त होत. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीसारख्या जुन्या आणि भरवशाच्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा घरोघरी शांतता पसरली. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता सूचना स्वतः लिहू लागली आहेत. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाटते, आपले शिक्षण जुने झाले, पगार मात्र मोठा आहे. म्हणजे आधी आपणच. माझ्या शेजारी नऊ वर्षे बसलेल्या एका बाईंना एके दिवशी दुपारी वरच्या मजल्यावर बोलावले. त्या परत आल्या तेव्हा लॅपटॉप जमा झालेला होता. टेबलावरची तुळशीची छोटी कुंडी त्यांनी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "घरी नेली तर सगळे विचारतील." ती तुळस आजही माझ्या खिडकीत आहे.

भगिनींनो, या उत्तरांची यादी करायला बसले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आवडीच्या आणि नावडीच्या यादीत पुन्हा पुन्हा तीच नावे येत होती. कोणी म्हणे, परदेशी माणसांबरोबर काम करायला मिळते हे आवडते. त्यांच्याच घड्याळाने जगावे लागते हे आवडत नाही. घरून काम करता येते हे आवडते. घर कधी कामातून सुटतच नाही हे आवडत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळे घरी बसले. वर्षानुवर्षे आम्ही जे मागत होतो ते एका दिवसात मिळाले! मग काय झाले? पुरुषांनी आतल्या खोलीचे दार लावून घेतले. माझ्या कितीतरी मैत्रिणींचा लॅपटॉप मात्र ओट्यावर, पोळपाटाशेजारी होता. मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली तर त्याच माफी मागत. कामाची जागा बदलली, पण घरातल्या वाटण्या बदलल्या नाहीत.

कंपन्यांत खालच्या पायरीवर मुली भरपूर असतात आणि वर जावे तशा विरळ होत जातात. तीस-पस्तिशीच्या सुमारास त्या गळतात. आपण म्हणतो, तिला झेपले नाही. मी विचारलेल्या बायकांपैकी ज्यांनी नोकरी सोडली, त्यांतल्या एकीनेही काम आवडत नव्हते असे सांगितले नाही. कंपनीने धरले होते की घरी सगळे पाहणारे कोणीतरी असेलच, आणि घराने धरले होते की संध्याकाळी ही असेलच. या दोन्ही गृहीतांमध्ये ती सापडली.

माझ्या घरी ते पाहणारे कोणीतरी होते. म्हणून मी टिकले. पण हे मी फार सहज बोलत असे, आणि त्याची किंमत मला गेल्याच महिन्यात कळली.

या स्मरणिकेच्या कामासाठी मी मंडळाची जुनी इतिवृत्ते चाळत होते. २००४ सालच्या वहीत एक नोंद सापडली. मंडळाच्या कोषाध्यक्षांनी घरगुती अडचणीमुळे राजीनामा दिला आणि तो खेदपूर्वक स्वीकारण्यात आला, अशी. त्या कोषाध्यक्ष म्हणजे माझ्या सासूबाई. आणि ती घरगुती अडचण म्हणजे मी आणि माझी तीन महिन्यांची मुलगी. आमच्या घरी या राजीनाम्याबद्दल एक अक्षरही कधी निघाले नव्हते.

मी घरी जाऊन त्यांना विचारले, "आई, तुम्ही मला सांगितले का नाही?" त्या म्हणाल्या, "मला हिशेब फार आवडायचा गं. महिन्याच्या शेवटी पैशापैशाचा मेळ बसला की बरे वाटायचे. पण मुलगी कोणीतरी सांभाळायला हवी होती आणि तुझी नोकरी जायला नको होती. मला कोणी विचारले नाही, आणि मीही बोलले नाही." मी टाका सापडल्याचा आनंद सांगते, तोच आनंद त्यांचा होता. माझा राहावा म्हणून त्यांनी त्यांचा सोडला. नोकरदारांना काय आवडते, काय आवडत नाही, हे मी इतक्या जणांना विचारत फिरले. ज्यांच्या जिवावर ती नोकरी चालली, त्यांना विचारायला मला एवढी वर्षे लागली. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी हे इथे सांगावे, अशी त्यांची इच्छा नव्हती. आई, क्षमा करा.

आता मंडळापुढे माझे एक मागणे आहे. आपली मागची खोली शनिवारचे भजन सोडले तर बंद असते. तिथे दुपारी चार ते रात्री आठ मुलांसाठी पाळणाघर आणि अभ्यासिका चालवावी. पण फुकट नको. मुले सांभाळणाऱ्या भगिनींना रीतसर मानधन मिळावे आणि ते त्या मुलांच्या आईबापांनी द्यावे. दोघांनी, नुसत्या आईने नव्हे. सांभाळण्याच्या कामाचाही हिशेब वहीत लिहिला गेला, म्हणजे ते काम आहे हे सर्वांना कळेल. तो हिशेब कोणी ठेवायचा, हेही माझ्या मनात आहे. त्यांनी होकार दिला तर.

ज्यांच्या मुली यंदा नोकरीला लागतील, त्यांनाही दोन शब्द. नेमणुकीच्या पत्रात नुसता पगाराचा आकडा पाहू नका. त्यातले हातात किती येणार, ते विचारा. सोडताना किती महिने आधी कळवायचे, ते वाचा. रात्रीची पाळी आहे का, घरी पोचवायला गाडी आहे का, ते विचारा. तक्रार करायची वेळ आली तर समिती कोणती, हे विचारायला लाजू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कचेरीत ती असावीच लागते. पाळणाघराची चौकशी मुलगे करत नाहीत. त्यांनीही करावी. आणि एक सवय लावून घ्या : महिन्याला थोडे तरी पैसे आणि वर्षाला एखादे तरी नवे शिक्षण बाजूला ठेवायचे. या नोकरीत दोन्ही केव्हा लागतील, सांगता येत नाही.

आणि घरातल्या आपण सर्वांनी एवढे करावे. मुलगी किंवा सून रात्री दारात उभी राहते तेव्हा "आज इतका उशीर?" असे विचारण्याऐवजी "आज काय जमले?" असे विचारून पाहावे. ती सांगेल. कदाचित तुम्हाला त्यातले निम्मे कळणार नाही. माझ्या सासूबाईंनाही कळत नसे. पण तिचे सांगून झाले की तिनेही तोच प्रश्न तुम्हाला विचारावा, अशी माझी तिला विनंती आहे.

पाळणाघराच्या खोलीची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी चहानंतर माझ्याकडे नाव द्यावे.